कपाट सरकवताना फरशी सांभाळा

राजगुरुनगरात, म्हणजे आपल्या जुन्या खेडात, घर बदलणारी कुटुंबे आता वर्षभर दिसतात. चाकणच्या कारखान्यात नोकरी, पुणे-नाशिक रस्त्यालगतच्या इमारतीत भाड्याचा फ्लॅट आणि अकरा महिन्यांचा करार. तो संपला की टेम्पो दाराशी उभा. सामानात सगळ्यात अवघड असते ते निकाहाच्या वेळी आलेले लोखंडी कपाट. ते ढकलताना फरशीवर लांबच लांब रेघ उमटते आणि त्या रेघेचे पैसे अनामत रकमेतून कापले जातात. घर स्वतःचे असेल तर ती रेघ आपल्यालाच रोज पाहावी लागते. रमजानच्या आधी रंगकामासाठी भिंत मोकळी करतानाही हेच घडते. म्हणून या वेळी थोडे सविस्तर लिहीत आहोत.

फरशी नेमकी कशाने खरवडते? आपण लोखंडाला दोष देतो, पण तो अर्धाच खरा. दगडाचा कडकपणा मोजायचे मोह्स नावाचे माप आहे. त्यावर संगमरवर आणि शहाबादी फरशी तीनच्या आसपास येतात, साधे लोखंड चार ते पाच आणि वाळूतला गारेचा कण 7. म्हणजे जुन्या घरातल्या शहाबादीला कपाटाचा पाय थेट ओरखडतो. नव्या फ्लॅटमधली व्हिट्रिफाइड टाइल मात्र लोखंडापेक्षा कडक असते. तिच्यावरची काळपट रेघ पुष्कळदा ओरखडा नसतोच, घासलेल्या लोखंडाचा थर असतो. खरा ओरखडा येतो तो पायाखाली अडकलेल्या वाळूच्या कणाने. आणि आपल्याकडे बांधकामे इतकी चालू आहेत, की वाळू चपलांबरोबर घरात येतेच. तेव्हा आधी केरसुणी, मग ओले फडके, आणि फरशी पूर्ण सुकल्यावरच कपाटाला हात. निम्मे काम इथेच होते.

चाकणच्या कारखान्यांत कित्येक टनांची यंत्रे मोजकी माणसे हलवतात, तीही गुळगुळीत रंगवलेल्या जमिनीवरून. यंत्राची एक कड जॅकने किंवा पहारीने थोडीशी उचलायची, लगेच खाली लाकडी ठोकळा सरकवायचा, पुन्हा थोडी उचलायची, मग चाकांची पाटी खाली घालायची. बोटे कधीही खाली घालायची नाहीत. आवाज एकाच माणसाचा, बाकीच्यांनी ऐकायचे. केरळातल्या बेपूरचे मापिला खलाशी याच कामासाठी प्रसिद्ध आहेत. दोर, कप्पी आणि माणसांनी फिरवायचा उभा लाकडी रहाट यांवर ते मोठमोठी लाकडी जहाजे पाण्यात उतरवत आले. 1988 साली पेरुमण येथे आयलंड एक्सप्रेसचे डबे अष्टमुडी तलावात कोसळले, तेव्हा ते बाहेर काढण्यासाठी या खलाशांना बोलावले होते. आपल्या घरी मात्र चार जण चार बाजूंनी 'अरे इकडे, अरे तिकडे' करत असतात.

आता घरचे काम. कपाटावर जुजदानात ठेवलेले कुरआन शरीफ आणि रिहल आधी अदबीने दुसऱ्या खोलीत न्यावेत. मग कपाट पूर्ण रिकामे करावे. 'साड्या राहू द्या, हलक्या आहेत' हे ऐकू नये. रिकामे कपाटच ऐंशी-नव्वद किलोंचे असू शकते. दार कुलूपबंद करून किल्ली काढून घ्यावी. कुलपात राहिलेली किल्ली चौकटीला लागून वाकते. आरसा असेल तर त्यावर चादर बांधावी.

पुष्कळ कपाटे वेगळ्या लोखंडी स्टँडवर नुसती ठेवलेली असतात. कपाट ढकलले की स्टँड मागे राहतो आणि कपाट कलंडते. रिकामे कपाट चौघांनी उचलून आधी खाली घ्यावे. स्टँडच्या पायांची रबरी बुचे झिजलेली असतील तर लांब रेघ कुठून आली तेही इथेच कळेल.

मग दोघांनी दोन बाजूंना उभे राहावे. कपाटाची डावी कड इंचभर उचलावी आणि तिसऱ्याने काठीने खाली जुनी गोधडी किंवा सतरंजी निम्म्यापर्यंत सारावी. नंतर उजवी कड उचलून तीच गोधडी पुढे ओढून घ्यावी. कलवायचे ते आडव्या बाजूलाच, मागे-पुढे नाही. कपाट तीन फूट रुंद असले तरी खोल जेमतेम दीड फूट असते, त्यामुळे पुढे झुकलेले कपाट दोघांनाही आवरत नाही. एकाने गोधडी जमिनीलगत ओढावी, दोघांनी कपाटाला बाजूंनी आधार द्यावा. वरून ढकलू नये. मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नये. अम्मींची कंबर दुखत असेल, सुनेला दिवस गेले असतील, तर त्यांनी दार धरण्यासाठीही वाकू नये. हमालाचे पैसे कंबरेच्या उपचारापेक्षा स्वस्तच पडतात.

उंबरठ्यावर प्लायवुडची फळी टाकावी. टाइलवर बोटाने ठोकून पाहावे. पोकळ आवाज आला तर तिच्याखाली सिमेंट नीट भरलेले नाही, तिथून जड वस्तू नेताना फळी हवीच. लोखंडी पाइपवर कपाट घरंगळत नेण्याची युक्ती काही जण करतात. उघड्या टाइलवर ती करू नये, सगळे वजन एका रेषेवर येते आणि टाइल तडकते.

काळी रेघ उमटलीच तर व्हिट्रिफाइड टाइलसाठी ऑक्झॅलिक ॲसिडची क्लीनर पावडर मिळते. हातमोजे घालून, ओल्या फडक्याने हलकेच चोळावे आणि भरपूर पाण्याने धुवावे. डबा मुलांच्या हाती लागू देऊ नये, ती विषारी असते. संगमरवरावर आणि शहाबादीवर मात्र ही पावडर नको, लिंबू आणि व्हिनेगरही नको. आंबट पदार्थाने दगडाची चमक जाते आणि तो डाग रेघेपेक्षा मोठा दिसतो. तिथे पॉलिशवाल्यालाच बोलवावे.

कपाट नव्या जागी उभे राहिले की स्टँडला नवी रबरी बुचे घालावीत. कपाट डुलत असेल तर पायाखाली घडी घातलेला पुठ्ठा चालणार नाही, तो दबतो. रबराचा पक्का तुकडा घालावा. घरात रांगते, चढते मूल असेल तर कपाटाची वरची कड लोखंडी पट्टीने भिंतीला अडकवून घ्यावी. भाड्याच्या घरात भोक पाडण्याआधी मालकांना विचारून घ्यावे.