खनिज तंत्रज्ञ : विदर्भातील रोजगार

खनिजांचा शोध, साठ्यांची मोजणी, उत्खनन आणि धातुकांची परीक्षा या कामांत अभियंता व भूवैज्ञानिक यांच्या हाताखाली, परंतु सामान्य कामगारांच्या वर, काम करणारा पदविकाधारक किंवा सक्षमता प्रमाणपत्रधारक वर्ग म्हणजे खनिज तंत्रज्ञ होत. महाराष्ट्रात या वर्गाला काम देणारा मुख्य प्रदेश विदर्भ हा आहे. राज्याचा बराचसा भाग बेसाल्टी लाव्ह्यांच्या थरांनी झाकलेला असून त्यात बांधकामाचा दगड व काही माथ्यांवरील बॉक्साइट सोडल्यास फारसे खनिज मिळत नाही. पूर्व विदर्भात हे आच्छादन संपते व जुने खडक उघडे पडतात. वर्धा खोऱ्यातील गोंडवनी थरांत दगडी कोळसा, नागपूर व भंडारा जिल्ह्यांतील सौसर मालेत मँगॅनीज, चंद्रपूर जिल्ह्याच्या राजुरा-कोरपना भागात चुनखडक आणि गडचिरोली जिल्ह्यात सुरजागड येथे लोह धातुक आढळते.

या व्यवसायातील रोजगार निव्वळ खनिजाच्या साठ्यावर ठरत नाही. खाणीतील बरीच पदे कायद्याने निर्माण केलेली आहेत. खाण अधिनियम, १९५२ याखाली कोळसा खाणींसाठी १९५७ चे (त्यांच्या जागी पुढे २०१७ चे) आणि धातुक खाणींसाठी १९६१ चे विनियम झाले. त्यांनुसार कोळसा खाणीत ओव्हरमन, सरदार, शॉटफायरर व सर्वेक्षक, तर धातुक खाणीत फोरमन, मेट, ब्लास्टर व सर्वेक्षक ही कामे प्रमाणपत्रधारकानेच करावयाची असतात. प्रमाणपत्रे धनबाद येथील खाण सुरक्षा महानिदेशालयाच्या अखत्यारीत दिली जातात. कोळशाचे प्रमाणपत्र धातुकाच्या खाणीत चालत नाही, तसेच केवळ उघड्या खाणीपुरते मर्यादित असलेले प्रमाणपत्र भूमिगत खाणीत उपयोगी पडत नाही. परीक्षेस बसण्यापूर्वी प्रत्यक्ष खाणीतील अनुभव लागतो. खनन पदविकाधारकास त्याच्या मुदतीत सवलत मिळते. पदविका हाती असूनही अनुभव मिळेल अशी खाण न सापडल्याने अनेकांची वाट येथेच अडते.

भूमिगत कोळसा खाणीत सरदाराचे काम जोखमीचे असते. पाळी सुरू होण्यापूर्वी त्याने आपल्या विभागातील छत व बाजू तपासावयाच्या, मिथेन वायू आहे किंवा कसे हे पाहावयाचे, हवा खेळती असल्याची खात्री करून घ्यावयाची आणि धोका दिसल्यास कामगारांना तेथून दूर ठेवावयाचे असते. त्यामुळे ओव्हरमन व सरदार यांना वायुपरीक्षण आणि प्रथमोपचार यांचीही प्रमाणपत्रे घ्यावी लागतात. भूमिगत खाणीत कामाच्या जागा विखुरलेल्या असल्याने अशा पर्यवेक्षकांची संख्या उत्पादनाच्या मानाने मोठी राहते.

कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण १९७३ मध्ये पूर्ण झाले. विदर्भातील बहुतेक कोळसा खाणी पुढे नागपूर येथे मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफील्ड्स या कंपनीकडे आल्या. त्यानंतरच्या काळात उत्पादनाचा भर भूमिगत खाणींकडून उघड्या खाणींकडे गेला. वणी, माजरी, बल्लारपूर व उमरेड भागांत मोठे फावडे-यंत्र आणि डंपर यांनी काम चालते. कोळशावरील माती-दगड हलविण्याचे काम पुष्कळदा कंत्राटदारांकडे असते. परिणामी कोळसा वाढला तरी सरदारांच्या जागा त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. उलट यंत्रदुरुस्ती, स्फोटकांचा वापर, उतारांच्या स्थैर्यावर देखरेख आणि सर्वेक्षण यांना अधिक वाव मिळाला. सर्वेक्षकाची उपकरणेही बदलली असून थिओडोलाइटबरोबर टोटल स्टेशन व ड्रोन हाताळणे त्याला आवश्यक झाले आहे.

मँगॅनीजाच्या क्षेत्रात चित्र वेगळे आहे. मॉइल कंपनीच्या गुमगाव, कांद्री, मनसर व चिखला येथे भूमिगत काम चालते, तर डोंगरी बुजुर्ग ही उघडी खाण आहे. त्यामुळे अनिर्बंध प्रमाणपत्र असलेल्या फोरमन व मेट यांना येथे मागणी राहते. सिमेंट कारखान्यांच्या चुनखडकाच्या खाणींत मनुष्यबळ थोडे लागते, मात्र तेथे रासायनिक पृथक्करण करणाऱ्या प्रयोगशाळा-साहाय्यकाचे महत्त्व मोठे आहे. खाणीच्या निरनिराळ्या भागांतील दगड योग्य प्रमाणात मिसळणे त्याच्या निष्कर्षांवर अवलंबून असते.

समन्वेषणाच्या कामाचे नागपूर हे केंद्र होय. भारतीय खाण ब्यूरो (स्थापना १९४८), खनिज समन्वेषण निगम (१९७२) यांची मुख्यालये आणि राज्याचे भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय तेथे आहेत. हिंगणा येथे ब्यूरोची धातुक-संस्करण प्रयोगशाळा आहे. वेधनयंत्र चालविणे, गाभ्याचे नमुने क्रमवार मांडून त्यांची नोंद करणे, नमुने दळून परीक्षेस तयार करणे ही तंत्रज्ञाची कामे असतात. वेधनकाम संपताच पथक हलत असल्यामुळे यांतील पुष्कळ नेमणुका मुदतीच्या असतात व स्थिर नोकरीची अपेक्षा तेथे ठेवता येत नाही.

खाणपट्ट्याच्या कायदेशीर स्थितीवर हा रोजगार किती अवलंबून असतो, हे गोव्यात दिसून आले. तेथील लोह धातुकाचे उत्खनन २०१२ मध्ये थांबले. ते पुन्हा सुरू झाल्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले व मार्चमध्ये काम बंद पडले. धातुक जमिनीत शिल्लक असूनही फोरमन, सर्वेक्षक, यंत्रचालक यांचे काम गेले. लिलाव २०२२ च्या अखेरीस सुरू झाले. सुरजागड येथेही पट्टा २००७ मध्ये मिळाला असला, तरी मोठ्या प्रमाणावर उत्खनन २०२१ नंतरच होऊ लागले. मधल्या काळात जवळच्या तरुणांना खाणकामाचे प्रशिक्षण घेण्याचे प्रयोजन उरले नव्हते. खाण चालू झाल्यावर प्रशिक्षित मनुष्यबळ बाहेरून आणणे हाच तेव्हा तातडीचा मार्ग असतो.

भूमिगत खाणीत स्त्रियांना काम करण्यास १९५२ च्या अधिनियमाने मनाई केली होती. केंद्र सरकारने २०१९ मध्ये काही अटींवर सूट देऊन तांत्रिक, पर्यवेक्षकीय व व्यवस्थापकीय कामे त्यांना दिवसा भूमिगत खाणीत खुली केली. त्यामुळे खनन पदविका घेणाऱ्या मुलींना ओव्हरमनसारख्या पदांसाठी लागणारा भूमिगत अनुभव मिळविणे शक्य झाले.