धनी नव्हे, विश्वस्त!

दहा हजार रुपयांवर उभी राहिलेली कंपनी शेअर बाजारात जाते आणि तिला लाखो मालक मिळतात. मग ज्यांनी ती जन्माला घातली, त्यांचे काय होते? इन्फोसिसच्या संस्थापकांनी बाजाराच्या उजेडात काढलेल्या वर्षांची ही कहाणी.

स्वतःच्या पैशावर दुकान चालवणाऱ्याला एक मोठे सुख असते. महिना वाईट गेला तर ती गोष्ट त्याच्या घरापुरतीच राहते. गल्ल्यात किती जमले हे शेजाऱ्याला सांगावे लागत नाही, मुलाला गादीवर बसवायचे तर कुणाची परवानगी लागत नाही. पण हाच धंदा शेअर बाजारात गेला की सारे बदलते. दर तीन महिन्यांनी हिशेब चव्हाट्यावर मांडावा लागतो. वर्षातून एकदा भागधारकांच्या सभेत उभे राहून, दहा शेअर असणाऱ्या निवृत्त शिक्षकाच्या प्रश्नालाही उत्तर द्यावे लागते. आणि आपण जन्माला घातलेल्या कंपनीची किंमत रोज सकाळी परके लोक ठरवतात.

हे सगळे सोसून कंपनी चालवायची म्हणजे काय, हे पाहायचे असेल तर इन्फोसिससारखे दुसरे उदाहरण नाही. तिची सुरुवातही आपल्या पुण्यातलीच.

सात जण आणि एक गृहिणी

१९८१ साली पाटणी कॉम्प्युटर सिस्टिम्समधली नोकरी सोडून सात अभियंते एकत्र आले. एन. आर. नारायण मूर्ती, नंदन नीलेकणी, एन. एस. राघवन, एस. गोपालकृष्णन, एस. डी. शिबुलाल, के. दिनेश आणि अशोक अरोरा. भांडवल होते दहा हजार रुपये, तेही मूर्तींच्या पत्नी सुधाताईंनी साठवलेल्या पैशांतून आलेले. पुण्याच्या टेल्को कारखान्यात पुरुषांच्या बरोबरीने काम केलेल्या या इंजिनिअर बाईंना कंपनीत मात्र जागा नव्हती. नवरा-बायको दोघांनी एकाच कंपनीत राहायचे नाही, हा मूर्तींचा दंडक. सुधाताईंनी तो मनाला लागूनही मान्य केला, हे त्यांनीच पुढे लिहिले आहे. पुढे संस्थापकांनी आणखी एक गोष्ट ठरवली : आपली मुलेबाळे या कंपनीत आणायची नाहीत.

ते दिवस परवान्यांचे होते. टेलिफोन मिळायला वर्ष लागे, संगणक आयात करायला त्याहून अधिक. १९८३ मध्ये कंपनी बंगळूरला गेली. दशक संपता संपता अरोरा बाहेर पडले. १९९० मध्ये तर कंपनी दहा लाख डॉलर्सना विकत घ्यायची तयारी कुणीतरी दाखवली. नऊ वर्षे घाम गाळलेल्या माणसांना हा मोह लहान नव्हता. मूर्ती म्हणाले, तुम्हाला विकायचे असेल तर तुमचा वाटा मीच घेतो. त्यांच्याजवळ तेवढे पैसे नव्हते, हे सर्वांना ठाऊक होते. पण बाकीच्यांनी विक्रीचा विचार सोडला आणि सगळे थांबले.

भरणा पूर्ण झालाच नाही

१९९२ पर्यंत एखाद्या कंपनीने शेअर काय भावाने विकायचा, हे दिल्लीतले भांडवल नियंत्रकांचे कार्यालय ठरवत असे. उदारीकरणाच्या लाटेत ते कार्यालय बंद झाले आणि कंपन्यांना आपला भाव आपण ठरवण्याची मुभा मिळाली. इन्फोसिसने ती संधी घेतली. फेब्रुवारी १९९३ मध्ये दहा रुपये दर्शनी किमतीचा शेअर ९५ रुपयांना विक्रीला आला.

लोकांनी मात्र पाठ फिरवली. हर्षद मेहता प्रकरण उघडकीला येऊन वर्षही झाले नव्हते आणि शेअर बाजाराच्या नुसत्या नावाने मध्यमवर्गीयांच्या पोटात गोळा येत होता. शिवाय या कंपनीकडे दाखवायला ना गिरणी, ना धुराडे. सॉफ्टवेअर म्हणजे काय, हेच कुणाला कळत नव्हते. अर्ज कमी पडले. अखेर मॉर्गन स्टॅन्ली या अमेरिकन वित्तसंस्थेने त्याच ९५ रुपयांच्या भावाने १३ टक्के हिस्सा उचलला आणि इश्यूची लाज राखली. जूनमध्ये शेअरची बाजारात नोंद झाली, ती १४५ रुपयांना.

त्या वेळी ज्यांनी १०० शेअर घेतले आणि कपाटात ठेवून दिले, त्यांचे काय झाले? १९९४, १९९७ आणि १९९९ मध्ये एकास एक बोनस मिळाला. २००० मध्ये दहा रुपयांच्या शेअरचे पाच-पाच रुपयांचे दोन शेअर झाले. २००४ मध्ये एकास तीन बोनस, मग २००६, २०१४, २०१५ आणि २०१८ मध्ये पुन्हा एकास एक. गुणाकार करून पाहा. १०० शेअर्सचे १,०२,४०० शेअर होतात. भाव नुसता हजार रुपये धरला तरी साडेनऊ हजारांचे दहा कोटींच्या वर गेले, लाभांश वेगळाच!

१९९४ मध्ये कंपनीने कर्मचाऱ्यांनाही शेअर द्यायला सुरुवात केली आणि पगारदार माणूस नोकरी करता करता मालक झाला. अर्थात, हुरळून जायचे कारण नाही. त्याच वर्षांत बाजारात आलेल्या कितीतरी कंपन्या लोकांचे पैसे घेऊन नाहीशा झाल्या. त्यांचे पत्तेही पुढे सापडले नाहीत.

वाईट बातमी आधी

मग ही कंपनी वेगळी कशात ठरली? नफा तर अनेकांनी कमावला. इन्फोसिसचे वेगळेपण ती वाईट बातमी कशी सांगे, यात होते.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कंपनीने आपली शिल्लक रक्कम शेअर बाजारात गुंतवली आणि त्यात नुकसान झाले. एकूण नफा चांगला होता, हा तोटा त्यात सहज लपला असता. पण मूर्तींनी तो भागधारकांसमोर मांडला आणि हा आपला धंदा नव्हे हे कबूल केले. शंका असेल तर सांगून टाका, हे तिथले धोरण झाले. मार्च १९९९ मध्ये अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात नोंद होणारी इन्फोसिस ही पहिली भारतीय कंपनी ठरली. त्यामागे हीच शिस्त होती, कारण तिथल्या कडक नियमांप्रमाणे हिशेब मांडायची तयारी आधीपासून सुरू होती.

खरेपणाची किंमतही मोजावी लागली. पुढच्या वर्षी किती वाढ होईल, याचा अंदाज कंपनी आधीच जाहीर करत असे. एप्रिल २००३ मध्ये हा अंदाज अपेक्षेपेक्षा फिका निघाला. एका दिवसात शेअर २५ टक्क्यांहून अधिक कोसळला. कंपनी तोट्यात नव्हती, कुणी घोटाळा केला नव्हता. पण बाजाराचा स्वभावच असा, की गेल्या वर्षी किती कमावले याला तो फारसे विचारत नाही. उद्या काय, हा त्याचा एकच प्रश्न.

अशा दिवशी संस्थापकाची खरी परीक्षा होते. शेअर सावरावा म्हणून गोड आकडे सांगण्याचा मोह होतो. एकदा का त्याला बळी पडले, की पुढच्या तिमाहीत आणखी गोड आकडे लागतात. आपल्याच देशात सत्यमच्या संस्थापकांनी जानेवारी २००९ मध्ये जी कबुली दिली, ती याच वाटेची. वर्षानुवर्षे फुगवलेल्या हिशेबांनी अखेर सारी कंपनी बुडवली. बाजाराची नाराजी एका दिवसात सोसलेली बरी, हा धडा त्यातून सर्वांना मिळाला.

खुर्ची सोडताना

आकड्यांचे धैर्य एक, खुर्ची सोडण्याचे धैर्य दुसरे. मूर्तींनी २००२ मध्ये मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचे पद नीलेकणींकडे सोपवले. २००७ मध्ये ते गोपालकृष्णन यांच्याकडे आणि २०११ मध्ये शिबुलाल यांच्याकडे गेले. ऑगस्ट २०११ मध्ये मूर्तींनी अध्यक्षपदही सोडले. बाहेरून पाहणाऱ्याला ही आदर्श परंपरा वाटे. पण बारकाईने पाहणारे विचारू लागले होते : संस्थापकांची पाळी संपल्यावर कोण?

उत्तर मिळायच्या आतच कंपनी अडखळली. एप्रिल २०१३ मध्ये फिक्या अंदाजामुळे शेअर एका दिवसात २१ टक्के घसरला. संचालक मंडळाने मूर्तींनाच परत बोलावले. १ जून २०१३ ला ते आले, वर्षाला एक रुपया पगारावर. पण मदतीला आले त्यांचे चिरंजीव रोहन. मुलांना आणायचे नाही, या जुन्या शब्दाची आठवण तेव्हा अनेकांनी करून दिली. वर्षभरात बरेच वरिष्ठ अधिकारी कंपनी सोडून गेले. २०१४ मध्ये विशाल सिक्का हे संस्थापकांबाहेरचे पहिले मुख्य कार्यकारी अधिकारी नेमले गेले, तेव्हा पितापुत्र दोघेही बाजूला झाले.

आता कथा सुफळ संपूर्ण व्हायला हवी होती. झाली नाही. एका परदेशी कंपनीची खरेदी, नोकरी सोडणाऱ्या वित्त अधिकाऱ्याला देऊ केलेली १७ कोटींहून अधिक रक्कम, यांवर मूर्तींनी उघडपणे प्रश्न उभे केले. संचालक मंडळाने चौकशी करून गैरव्यवहार नसल्याचे सांगितले. वाद मिटला नाही. १८ ऑगस्ट २०१७ ला सिक्कांनी राजीनामा दिला, मंडळाने जाहीरपणे मूर्तींकडे बोट दाखवले आणि शेअर एका दिवसात जवळजवळ १० टक्के खाली आला. आठवडाभरात नीलेकणी अध्यक्ष म्हणून परतले. त्यांच्या मंडळानेही पुढे ऑक्टोबरमध्ये आधीच्या चौकशीचा निष्कर्ष कायम ठेवला.

कोण बरोबर, कोण चूक? दोन्ही बाजूंना समजून घेता येते. पोटच्या पोराचे काही चुकते आहे असे वाटले, तर बाप गप्प बसेल का? पण मूल एव्हाना मोठे झालेले असते, त्याचा संसार वेगळा असतो. त्या वेळी सर्व संस्थापकांचे मिळून कंपनीत जेमतेम १३ टक्के शेअर होते. उरलेले ८७ टक्के ज्यांचे, त्यांनी हे भांडण मागितले नव्हते. त्या दिवशी त्यांचे पैसे मात्र बुडाले.

अमळनेरची तऱ्हा निराळी

इथे आपल्या खानदेशातली दुसरी कहाणी आठवते. जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला १९४५ मध्ये वनस्पती तुपाची एक कंपनी निघाली आणि लगेच बाजारात नोंदली गेली. तीच पुढे विप्रो झाली. १९६६ मध्ये संस्थापक वारले, तेव्हा २१ वर्षांचे अझीम प्रेमजी अमेरिकेतले शिक्षण सोडून परतले. पहिल्याच सभेत एका भागधारकाने त्यांना सुनावले, की हे तुमच्यासारख्या पोराचे काम नाही, कंपनी विकून टाका. ही आठवण प्रेमजींनीच सांगितली आहे. तुपाकडून संगणकाकडे जायला पुढे त्यांना पुष्कळ वर्षे लागली. अमळनेरमध्ये पिढ्यान्‌पिढ्या विप्रोचे शेअर जपणारी घरे आहेत, ती त्या धीराची साक्षीदार.

पण एक फरक लक्षात घ्या. विप्रोचे जवळजवळ तीन-चतुर्थांश शेअर प्रेमजी कुटुंब आणि त्यांच्या न्यासांकडे राहिले. भागधारकांनी कितीही नाराजी दाखवली तरी त्यांना कुणी हटवू शकत नव्हते. २०१९ मध्ये सूत्रे मुलाकडे गेली, तीही बिनबोभाट. इन्फोसिसच्या संस्थापकांजवळ असे कवच नव्हते. त्यांचा अधिकार लोकांच्या विश्वासावर उभा होता. म्हणून त्यांना जपावे लागले ते अधिक, आणि चुकले तेव्हा लागलेही अधिक.

घर बांधणाऱ्याशिवाय घर

जानेवारी २०१८ मध्ये सलील पारेख या बाहेरच्या माणसाने इन्फोसिसची सूत्रे घेतली. ऑक्टोबर २०१९ मध्ये हिशेबांबद्दल तक्रार करणारी निनावी पत्रे बाहेर आली आणि शेअर एका दिवसात १६ टक्के घसरला. या वेळी मात्र कुणी संस्थापक धावून येऊन सूत्रे हाती घेत बसला नाही. लेखापरीक्षण समितीने बाहेरचे कायदेतज्ज्ञ नेमले आणि जानेवारी २०२० मध्ये तक्रारींत तथ्य नसल्याचा निष्कर्ष जाहीर केला. गाडी रुळावर आली. संस्थापकांनी सुरुवातीच्या काळात घातलेली शिस्त, मुख्य कार्यकारी अधिकारी बाहेरचा असतानाही उपयोगी पडली.

आज आपल्यापैकी अनेकांच्या घरात शेअर आहेत. थेट नसले तर म्युच्युअल फंडातून, भविष्यनिर्वाह निधीतून आहेत. नवी कंपनी बाजारात येते, तिच्या तरुण संस्थापकाचे छायाचित्र सगळीकडे झळकते, अर्ज कधी भरायचा याची घरात चर्चा होते. अशा वेळी भाव किती चढेल, याच्या आधी तीन गोष्टी विचारून पाहाव्यात. या माणसाने स्वतःचे किती शेअर ठेवले आणि किती विकायला काढले? मागच्या वाईट वर्षाची हकिकत तो सरळ सांगतो की आडवळणाने? आणि उद्या तो नसला, तर कंपनी कोण चालवणार, याचे उत्तर त्याच्याकडे आहे का?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे माहितीपत्रकात आणि ताळेबंदात सापडतात. तिसऱ्याचे सहसा सापडत नाही. ते सभेत उभे राहून विचारावे. शेअर दहाच असले तरी तो आपला हक्क आहे.