बुजलेल्या जनावराचं काळपट मांस

ऑस्ट्रेलियातल्या मांस कारखान्याच्या शीतगृहात गुरांची अर्धी धडं ओळीनं टांगलेली असतात. प्रतवारी करणारा माणूस बरगड्यांमधल्या छेदापाशी थांबतो, टॉर्च धरतो, मांसाचा रंग रंगपट्ट्यांशी ताडून बघतो आणि सामू मोजणारी सळई आत खुपसतो. आकडा ५.७० च्या वर गेला, की ते धड ‘मीट स्टँडर्ड्स ऑस्ट्रेलिया’ या प्रतवारी योजनेतून बाद.

त्या एका आकड्यात जनावराचे शेवटचे काही दिवस नोंदलेले असतात. जिवंत स्नायूचा सामू ७ च्या आसपास असतो. कत्तलीनंतर स्नायूत साठलेल्या ग्लायकोजेनचं लॅक्टिक आम्ल होत राहतं आणि सामू साडेपाचच्या आसपास उतरतो. पण जनावर बुजलं, उपाशी राहिलं किंवा अनोळखी गुरांशी झुंजलं, तर ग्लायकोजेन आधीच जळून जातं. मग आम्ल बनायला काही उरतच नाही. असं मांस काळपट पडतं आणि लवकर खराब होतं.

म्हणून या योजनेचे नियम कुरणातच सुरू होतात. रवानगीआधीच्या १४ दिवसांत वेगवेगळे कळप एकत्र करायचे नाहीत. गाडीत चढेपर्यंत पाणी तोडायचं नाही. मुक्या जनावराची कदर आणि ताटातली चव यांची अशी सांगड क्वचितच दिसते, आणि या योजनेतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे.

योजना जन्मली १९९० च्या दशकात, ग्राहकांच्या तक्रारीतून: त्याच पैशात आज लुसलुशीत तुकडा मिळतो, उद्या चिवट. संशोधकांनी चव ठरवायला पट्टीचे चाखणारे न घेता साधी खाणारी माणसं बसवली. प्रत्येकापुढे सात तुकडे. मऊपणा, रसाळपणा, स्वाद आणि एकूण पसंती यांना गुण द्यायचे. त्यातून उमगलं, की अख्ख्या जनावराला एकच दर्जा देऊन भागत नाही. पाठीचा तुकडा आणि पायाचा तुकडा वेगळे. तोच तुकडा तव्यावर एक गुण मिळवतो, मंद आचेवर शिजवला की दुसरा.

प्रतवारीत वशिंडाची उंचीही मोजतात. मेल्यानंतर स्नायूत कॅल्पेन नावाची विकरं धागे तोडून मांस मऊ करतात. वशिंडाच्या गुरांत त्यांना अडवणारं कॅल्पास्टॅटिन जास्त असतं, म्हणून मांस चिवट राहण्याचा कल असतो. ही गुरं ऑस्ट्रेलियात रुजली ती ब्राह्मन जातीच्या रूपानं. उष्णता आणि गोचीड सोसणारी म्हणून १९३३ मध्ये अमेरिकेतून ती क्वीन्सलँडला आणली गेली. अमेरिकेत ती घडली भारतातल्या गीर, कांकरेज, ओंगोल आणि कृष्णा व्हॅली या जातींपासून. यातली कृष्णा व्हॅली एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिण मराठा संस्थानिकांनी जोपासली, काळ्या चिकट रानात नांगर ओढण्यासाठी. मांसाचा विचारही तेव्हा कुणाच्या मनात नव्हता!

शीतगृहातला आकडा शेतापर्यंत परत जातो. ऑस्ट्रेलियात गुरांच्या कानात इलेक्ट्रॉनिक बिल्ला सक्तीचा आहे. जनावर कुठून कुठे गेलं, ते त्या क्रमांकावर नोंदलं जातं. प्रतवारीचा अहवाल पशुपालकाच्या हाती पडतो. एखाद्या खेपेतली धडं काळपट निघाली, की त्याला मागे जाऊन शोधता येतं: चारा कमी पडला होता का, त्या पंधरवड्यात नवी गुरं कळपात मिसळली होती का, ट्रक भरताना अंगावर कुत्री सोडली होती का.