पहाटेच्या थंडीत जीप का रुसते?





या पानावर मी नेहमी अभ्यास, परीक्षा आणि शिस्त यांविषयी लिहितो. या वेळी एका जुन्या डिझेल जीपविषयी लिहीत आहे. बमरोलीतील आपल्या बऱ्याच घरांची मुळे खानदेशात आहेत. सुट्टी लागली की उधन्याहून गाडी धरून आपण नवापूर, नंदुरबार, अमळनेर, जळगावकडे जातो. तिकडे नाला ओलांडून शेतापर्यंत जायचे तर चारही चाकांना जोर देणारी जीपच उपयोगी पडते. पण डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे हीच जीप रुसून बसते आणि घरचे म्हणतात, "थंडी आहे, असेच होणार."

मीही असेच समजत होतो. माझा धाकटा भाऊ नवापूर तालुक्यात शेती करतो. काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात मी गावी गेलो होतो. पहाटे पाचच्या सुमारास आईला दम लागला. भावाने जीपचा सेल्फ मारला. इंजिन कण्हत कण्हत फिरले, मागून पांढरा धूर निघाला, पण चालू झाले नाही. वीस मिनिटे आम्ही तेच करत राहिलो. शेवटी शेजाऱ्याचे पिकअप मिळाले, आई दवाखान्यात पोहोचली आणि देवकृपेने बरी झाली. पण ती वीस मिनिटे मी आजही विसरलेलो नाही.

दोन दिवसांनी एका मिस्त्रींना दाखवले. ते दुपारी आले. दुपारच्या उन्हात जीप पहिल्याच फेरीत चालू झाली! "इंजिन जुने झाले, कंप्रेशन गेले, खोलावे लागेल," असे सांगून त्यांनी पंचेचाळीस हजारांचा अंदाज दिला. भाऊ पैसे उसने घ्यायला निघाला होता. मी म्हटले, "थांब, आधी कारण शोधू."

डिझेल पेटते कसे?

माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. 'संपीडन' हा शब्द मी परीक्षेसाठी पाठ केला होता, पण त्याचा खरा अर्थ मला जीपच्या बॉनेटखाली कळला. सायकलला हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम होते, हे तुम्ही अनुभवले असेल. हवा दाबली की ती तापते. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे जे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले, ते याच तत्त्वावर होते. त्यात ठिणगी देणारा प्लग नसतो. जुन्या डिझेल जीपच्या इंजिनात हवा साधारण २० पट दाबली जाते. त्यामुळे ती काही शे अंशांपर्यंत तापते आणि नोझलमधून आलेले डिझेल आपोआप पेटते.

गार इंजिनात अडचण अशी की लोखंड ही उष्णता ओढून घेते. इंजिन हळू फिरले तर उष्णता ओढून घ्यायला जास्त वेळ मिळतो, शिवाय हवाही रिंगांच्या फटीतून निसटते. म्हणून अनेक जुन्या इंजिनांत आतली जागा आधी तापवण्यासाठी हीटर प्लग असतात. महिंद्राच्या एमएम ५४० जीपमधील प्यूजो परवान्याचे इंजिन याच प्रकारचे. डायरेक्ट इंजेक्शनच्या अनेक इंजिनांत मात्र हे प्लग नसतात. तेव्हा आपली गाडी कोणत्या प्रकारची आहे, हे आधी पाहावे.

थोडक्यात, इंजिन वेगाने फिरले पाहिजे, आत उष्णता पाहिजे आणि डिझेल हवेच्या बुडबुड्यांशिवाय पोहोचले पाहिजे. या तीनपैकी काय कमी आहे, हे शोधणे म्हणजेच निदान.

तपासणी पहाटेच करावी

गार इंजिनाचा दोष इंजिन गार असतानाच सापडतो. दुपारी तो लपतो. म्हणून रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची तपासणी पहाटे, पहिला सेल्फ मारण्यापूर्वी सुरू करावी.

पहिली गोष्ट, सेल्फचा आवाज ऐका. इंजिन जड फिरत असेल तर आधी वीज तपासा. मल्टिमीटरने बॅटरी मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे जवळपास अर्धी. सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली गेली तर बॅटरी कमजोर आहे किंवा सेल्फ जास्त वीज ओढतो आहे. बॅटरी ठीक असूनही इंजिन जड फिरत असेल तर अर्थिंगची पट्टी पाहा. मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूला लावून सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर वीज वाटेतच अडते आहे.

दुसरी गोष्ट, सायलेन्सरकडे पाहा. इंजिन चांगले फिरते पण धूर मुळीच नाही, म्हणजे डिझेल पोहोचत नाही. बंद करण्याची तार अडकली आहे का, फिल्टर तुंबला आहे का, ते पाहावे. पांढरा धूर आणि कच्च्या डिझेलचा वास येत असेल तर डिझेल पोहोचते, पण पेटत नाही. तिथे उष्णता कमी आहे. गाडी चालू होऊन मिनिटभरात बंद पडत असेल तर लाइनमध्ये हवा शिरत असल्याचा संशय घ्यावा. हातपंपाने डिझेल चढवल्यावर ती लगेच चालू झाली, तर रात्री कुठल्यातरी सैल जोडातून हवा शिरून डिझेल मागे उतरते, असे समजावे. फिल्टर व पंप यांच्यामध्ये पारदर्शक नळीचा तुकडा जोडला तर बुडबुडे डोळ्यांनी दिसतात.

तिसरी गोष्ट, हीटर प्लग. चावी हीटरवर असताना प्लगपर्यंत वीज येते का, हे टेस्ट लॅम्पने पाहावे. मग चावी बंद करून प्लगांना जोडणारी पट्टी काढावी आणि प्रत्येक प्लग वेगळा मोजावा. चांगल्या प्लगचा रोध अगदी थोडा असतो. तुटलेल्या प्लगमधून वीज जातच नाही. पट्टी न काढता मोजले तर चांगले प्लग खराब प्लगला झाकून टाकतात.

हे सर्व ठीक निघाले, तरच कंप्रेशन, नोझल आणि पंपाचा टायमिंग यांच्याकडे वळावे. तो खर्चाचा आणि जाणकाराचा भाग आहे, म्हणून शेवटी.

आमच्या जीपमध्ये काय निघाले?

बॅटरी दिवाळीतच नवी घेतली होती. सेल्फ मारतानाही ती ११ व्होल्ट दाखवत होती. म्हणजे तिचा दोष नव्हता आणि ते पैसे व्यर्थ गेले होते. अर्थिंगच्या पट्टीवर मात्र दोन व्होल्ट गळत होते. पट्टी चेसीला जिथे बसते तिथे गंज आणि चिखल भरला होता. चार हीटर प्लगांपैकी दोन मेलेले होते. नवी पट्टी टाकली, जागा घासून स्वच्छ केली, चारही प्लग बदलले. सगळा खर्च तीन हजारांच्या आत. दुसऱ्या पहाटे तेवढ्याच थंडीत जीप तिसऱ्या फेऱ्याला चालू झाली. इंजिन खोलावे लागलेच नाही.

मग थंडीचा दोष किती? लडाखमध्ये पारा शून्याच्या खूप खाली जातो आणि साध्या डिझेलमध्ये मेण धरते. म्हणून इंडियन ऑइलने तिथे २०१९ साली उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे खास डिझेल आणले. आपल्याकडे धुळे-निफाडला पारा कधी कधी पाच-सहा अंशांच्याही खाली उतरतो, पण लडाखसारखा शून्याच्या खूप खाली जात नाही. एवढ्या थंडीत धडधाकट इंजिन चालू व्हायलाच हवे. थंडी दोष निर्माण करत नाही, असलेला दोष उघडा करते.

काही सावधगिरी

हीटर प्लग असलेल्या इंजिनात ईथरचा फवारा कधीही मारू नये. तापलेल्या प्लगमुळे तो अवेळी पेटतो, इंजिन फुटू शकते आणि माणूस भाजतो. चेंबरखाली शेकोटी पेटवू नये. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये, मध्ये विश्रांती द्यावी. बंद गोठ्यात किंवा शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये, त्याचा धूर विषारी असतो. मुलांनी मोठ्या माणसांशिवाय बॉनेटला हात लावू नये.

शेवटी एक विनंती

आमच्या मिस्त्रींचा हात वाईट नव्हता. त्यांनी गाडी चुकीच्या वेळी पाहिली आणि मोजण्याआधी निर्णय दिला. आम्ही शिक्षक आणि पालकही असेच करतो. मूल गणितात मागे पडले की लगेच "याचे डोकेच नाही" म्हणतो आणि महागडी शिकवणी लावतो. त्याला फळा दिसतो का, पाढे येतात का, रात्री झोप मिळते का, या तीन हजारांच्या गोष्टी आधी पाहत नाही.

विश्वस्त मंडळाला माझी नम्र विनंती आहे की प्रयोगशाळेसाठी आणखी चार मल्टिमीटर घ्यावेत. पालकांपैकी जे गॅरेजचे काम जाणतात, त्यांनी इयत्ता नववी-दहावीच्या मुलांना एखाद्या शनिवारी ही तपासणी करून दाखवावी. आणि विद्यार्थी मित्रांनो, या सुट्टीत गावी गेलात तर घरच्या जीपची अर्थिंगची पट्टी मोठ्यांकडून एकदा तपासून घ्या. पहाटे पाच वाजता कोणाला दम लागेल, हे सांगून येत नाही.

आपला,
मुख्याध्यापक