पहिला बर्फ : स्की की स्नोबोर्ड?
न्हावा शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले. बंदरात नोकरी करणाऱ्यांच्या घरी औली-गुलमर्गच्या सहलीचा बेत ठरला, की मुले विचारतात, स्की की स्नोबोर्ड?

स्कीत दोन पायांना दोन वेगळ्या पट्ट्या, तोंड समोर, हातात काठ्या. तोल गेला तर एक पाय टाकून सावरता येते. स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले, अंग आडवे. पहिले दोन-तीन दिवस पडण्यातच जातात, मनगटाला मार बसतो. स्कीत जपायचा तो गुडघा.

म्हणून आमचे सांगणे असे : हाती दोनच दिवस असतील तर स्की घ्यावी, आठवडा असेल आणि चिकाटी असेल तर स्नोबोर्ड. शिक्षक मात्र दोन्हींत हवाच. वर्षभर पै-पै साठवून गेलेल्या मुलांनी नुसते फोटो काढून परतू नये, काही शिकून यावे.