सगळ्यांची नाडी बघणाऱ्या डॉक्टरांचं मन कोण बघणार?

इतवारा (बुऱ्हाणपूर) : २२ मार्च २०२० ला आपण डॉक्टरांसाठी थाळ्या वाजवल्या. दहाच दिवसांनी, १ एप्रिलला, इंदूरच्या टाटपट्टी बाखलमध्ये तपासणीला गेलेल्या आरोग्य पथकावर दगड पडले. त्यात दोन महिला डॉक्टर जखमी झाल्या. मान आणि मार, दोन्ही एकाच पंधरवड्यात. २२ एप्रिलला केंद्राने वटहुकूम काढून अशा हल्ल्यांसाठी सात वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली. पण मनाला झालेल्या जखमेचं काय?

डॉक्टर खचतात कशाने?
नुसत्या कामाने नाही. पेशंट वाचवता येतो हे माहीत असतं, पण ऑक्सिजन नसतो, बेड नसतो. ‘मी कमी पडलो’ हा सल मग जात नाही. घरी आपल्यामुळे आई-वडिलांना लागण होईल ही धास्ती वेगळीच.

मग ते सांगत का नाहीत?
न्यूयॉर्कच्या डॉ. लोर्ना ब्रीन कोरोनातून उठून पुन्हा कामावर गेल्या आणि एप्रिल २०२० मध्ये त्यांनी जीवन संपवलं. उपचार घेतल्याचं कळलं तर लायसन्स जाईल, अशी भीती त्यांना होती, असं घरच्यांनी सांगितलं. २०२२ मध्ये अमेरिकेत त्यांच्या नावाने कायदा झाला. आपल्याकडेही तेच : ‘डॉक्टरच वेडा झाला’ असं लोक म्हणतील, म्हणून गप्प बसायचं.

एकच कारण शोधू नका
३० नोव्हेंबर २०२० ला आनंदवनात डॉ. शीतल आमटे गेल्या, तेव्हा जो तो आपापलं कारण सांगत होता. आत्महत्येमागे बहुधा अनेक गोष्टी साचलेल्या असतात. अंदाज बांधल्याने फक्त घरच्यांचं दुःख वाढतं.

आपण काय करायचं?
झोप उडणं, चिडचिड, लोकांना टाळणं, ‘आता काही अर्थ नाही’ असं बोलणं, ही लक्षणं हलक्यात घेऊ नका. जीव द्यायचा विचार येतो का, हे थेट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. त्याला एकटं सोडू नका. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा गुन्हेगार नव्हे, तणावग्रस्त मानतो. त्यामुळे पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका.

‘टेली-मानस’चा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालू असतो. इकडे बुऱ्हाणपूर असो की तिकडे रावेर, नंबर तोच, आणि मराठीतही बोलता येतं. डॉक्टरांनीही तो फिरवावा. पेशंट होण्यात कमीपणा नाही.