दुसऱ्या टीव्हीचे चित्र खराब? आधी वायर तपासा

वर्सोव्यात आमच्या दुकानात छत्रीच्या एकाच सेट टॉप बॉक्सवर दोन टीव्ही चालतात. एक गल्ल्याजवळ, दुसरा मागे कारागिरांच्या खोलीत. मागच्या टीव्हीवर सावल्या व पट्ट्या दिसू लागल्या. मेकॅनिक म्हणाला, नवा बॉक्स घ्या. आम्ही आधी तपासणी केली आणि तो खर्च वाचला.

छत्रीपासून बॉक्सपर्यंतचा सिग्नल डिजिटल असतो. तो कमी पडला तर चित्राचे चौकोनी तुकडे होतात किंवा ते गोठते, तेही दोन्ही टीव्हींवर. बॉक्सच्या पिवळ्या पिनेतून निघणारे चित्र मात्र ॲनालॉग असते. त्यातील बिघाड फिके रंग, सावल्या, पट्ट्या असा दिसतो. म्हणून पहिला टीव्ही स्वच्छ असेल तर छत्री हलवू नये.

मागचा टीव्ही बॉक्सजवळ आणून आखूड वायरने जोडावा. चित्र सुधारले तर दोष लांब वायरीचा. तरीही खराब असेल तर बॉक्सची पिन किंवा टीव्ही तपासावा.

आमच्याकडे वायर बारीक होती आणि खाऱ्या हवेने जोडावर हिरवा गंज चढला होता. लांब अंतराला ७५ ओहमची जाड कोॲक्सियल वायर घ्यावी, विजेच्या वायरीपासून दूर न्यावी आणि जोड झाकून ठेवावेत.

एक खुलासा: पिवळ्या पिनेतून ५७६ ओळींचेच चित्र येते, एचडीचे १०८० नव्हे. मोठ्या पडद्यावर ते थोडे पुसट दिसणारच. त्यासाठी दुरुस्तीचे पैसे देऊ नयेत.